बेट पाहिले, माणसे पाहिली काय?

पंडिता रमाबाईंचे अमेरिकेच्या प्रवासावरचे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. त्याचे शीर्षक 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' असे आहे. या शीर्षकातील शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. आपण कोठे गेलो, काय खाल्ले, कोणत्या बोटीने परतलो, यापेक्षा तेथील माणसे कशी जगतात हे सांगणे बाईंना अधिक महत्त्वाचे वाटले. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात मराठी प्रवासवर्णन बहरले. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने आणि 'पूर्वरंग'ने त्याला हसते-बोलते केले. तथापि आज नियतकालिकांतून जी प्रवासवर्णने वाचावयास मिळतात, त्यांत रमाबाईंचा क्रम उलटा झाल्याचे जाणवते. प्रवासवृत्त उरले आहे. लोकस्थिती हरवली आहे.

हे सर्वाधिक जाणवते ते बेटांच्या वर्णनात. आपल्या नांदेड-लातूरच्या वाचकाला समुद्र दुर्मीळ. त्यामुळे बेट म्हटले की निळे पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडे असे कॅलेंडरवरचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. कॅरिबियन समुद्रातील बेटे असोत की हिंदी महासागरातील मॉरिशस, चित्र तेच. मराठी माणसाला या सर्वांत मॉरिशस जवळचे. कारण तेथे मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. म्हणून या एका बेटावर लिहिलेली दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत, आणि मग आपल्या लेखनाकडे वळावे, असे मनात आहे.

पहिले पुस्तक फ्रेंच आहे. बेर्नार्दीन द सँ-पिएर हा अभियंता १७६८ ते १७७० या काळात मॉरिशसवर, म्हणजे त्या वेळच्या 'ईल द फ्रान्स'वर होता. त्याची 'पॉल आणि व्हर्जिनी' ही कादंबरी १७८८ साली प्रसिद्ध झाली आणि तिने युरोपभर डोळे ओले केले. परिस्थितीने एकाकी पडलेल्या दोन स्त्रिया डोंगराच्या कुशीत झोपड्या बांधून राहतात. त्यांची मुले, पॉल आणि व्हर्जिनी, निसर्गाच्या सान्निध्यात भावंडांसारखी वाढतात. मुलांच्या जन्माच्या वेळी लावलेली नारळाची झाडे हेच त्यांचे वय मोजण्याचे साधन. पुढे व्हर्जिनीला आईच्या श्रीमंत नातलग वृद्धेकडे फ्रान्सला पाठविले जाते. परतताना तिचे जहाज बेटाच्या दारात फुटते. जीव वाचविण्यासाठी अंगावरची वस्त्रे उतरविण्यास ती नकार देते आणि बुडते. दुःखाने पॉलही जातो. सँ-जेरां नावाचे जहाज १७४४ साली या किनाऱ्यावर खरोखरच फुटले होते. लेखकाने त्या घटनेवर आपली कथा उभारली.

कादंबरीतील निसर्ग आजही ताजा वाटतो. पाऊस, पाखरे, वेली, वादळ यांचे असे वर्णन त्यापूर्वीच्या युरोपीय कथेत क्वचितच आढळते. परंतु या नंदनवनात एक प्रसंग असा येतो की तेथे सावध वाचकाने थांबावे. एका रविवारी दोघी माता पांप्लमूसच्या चर्चमध्ये मिस्साला गेल्या असताना एक पळालेली गुलाम स्त्री झोपडीच्या दारी येते. अंगावर फटक्यांचे वण, पोटात अन्न नाही. व्हर्जिनी तिला जेवू घालते. आणि मग? मग ही दोन दयाळू मुले तिला घेऊन तिच्या धन्याकडे जातात आणि तिला क्षमा करावी म्हणून विनवितात. धनी क्षमेचे वचन देतो, तेही ईश्वरासाठी नव्हे, तर त्या सुंदर मुलीकडे पाहून. परतीच्या वाटेवर मुले रानात चुकतात, तेव्हा पळालेल्या गुलामांचाच एक जथा त्यांना खांद्यावरून घरी पोहोचवितो. दरम्यान त्या स्त्रीच्या पायांत बेडी आणि गळ्यात लोखंडी कडे पडलेले असते.

लेखकाला हे दिसत नव्हते असे नाही. १७७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने गुलामगिरीवर कडक शब्दांत लिहिले आहे. युरोपच्या पेल्यातील साखर आणि कॉफी यांच्यासाठी दोन खंड कसे उजाड झाले, हे त्याने ओळखले होते. मात्र प्रवासवृत्तातील हा संताप कादंबरीत येताना मवाळ होतो. तेथे गुलामगिरी वाईट धन्याचा दोष ठरते, व्यवस्थेचा नव्हे. कथेतल्या चांगल्या घरातही दोमँग आणि मारी हे दोन गुलाम राबतातच. त्यांच्या मनात काय चालते हे कोणी विचारीत नाही. दयेचे अश्रू न्यायाची जागा घेतात.

एका पुरोहिताला आणखी एक गोष्ट बोचते. व्हर्जिनीने फ्रान्सला जावे अशी गव्हर्नरची इच्छा. तिच्या आईचे मन वळत नाही, तेव्हा गव्हर्नर कोणाला पाठवितो? धर्मगुरूला. तो येतो आणि गव्हर्नरची इच्छा हीच ईश्वराची इच्छा आहे असे समजावून जातो. मुलगी आज्ञाधारकपणे निघते आणि तिचा अंत होतो. लेखकाने त्या फादरला खलनायक केलेले नाही, म्हणूनच ते पान अधिक लागते. आम्हा धर्मगुरूंकडून सत्तेचा निरोप देवाच्या नावाने पोहोचविण्याचे काम किती सहज होते! हे पान वाचून स्वतःची उलटतपासणी न करणारा फादर विरळाच म्हणावा लागेल.

दुसरे पुस्तक हिंदी आहे. मॉरिशसच्या त्रिओले गावी जन्मलेले अभिमन्यू अनत (१९३७-२०१८) यांची 'लाल पसीना' ही कादंबरी १९७७ साली आली. ती गिरमिटियांची कथा सांगते. १८३४ च्या नोव्हेंबरमध्ये 'ॲटलस' जहाजातून भारतीय मजुरांची एक लहानशी तुकडी पोर्ट लुईला उतरली. १८३५ साली बेटावरील गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. 'ॲग्रीमेंट'चे 'गिरमिट' झाले. पुढच्या दशकांत जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर तेथील घाटावर उतरले. काही तेथेच राहिले, काहींना रियुनियन, आफ्रिका आणि थेट कॅरिबियन बेटांकडे पुढे पाठविण्यात आले. आज तो 'आप्रवासी घाट' म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. दगड उलटला की खाली सोने सापडते, अशी भूल त्या मजुरांना घातली गेली असे त्यांच्या वंशजांत आजही सांगतात. दगड त्यांनी उलटले खरे. निघाले ते उसाचे शेत.

फ्रेंच लेखकाला जेथे हिरवाई दिसली, तेथे अनतांना घाम दिसतो. बेटावरचा ऊस हाही मूळचा नव्हे; १६३९ साली डचांनी तो तेथे आणला. त्याच डचांच्या काळात आबनूसाची राने तोडली गेली आणि डोडो पक्षी पृथ्वीवरून कायमचा गेला. पर्यटक ज्याला निसर्ग म्हणून न्याहाळतो, त्यातले पुष्कळसे माणसाच्या हाताने आणि पाठीवरच्या वळांनी घडले आहे, हे 'लाल पसीना' वाचल्यावर विसरता येत नाही. दिवसभर राबून संध्याकाळी बैठकीत जमणारी, एकमेकांना अक्षर आणि धीर देणारी माणसे हे या कादंबरीचे बळ.

तिचे उणेही सांगितले पाहिजे. तिच्यातील पात्रे कधी कधी व्यक्तींपेक्षा प्रतिनिधी वाटतात. शिवाय तिच्या केंद्रस्थानी भारतीय मजूर आहे. आधीच्या गुलामांचे वंशज, ज्यांना क्रिओल म्हणतात, ते कथेच्या कडेला राहतात. एका दुःखाला दुसऱ्या दुःखाची ओळख पटणे किती अवघड असते, याचे हे उदाहरण आहे.

ती ओळख त्या बेटावर एका माणसाने करून दिली. पण त्याने कादंबरी लिहिली नाही. फादर जाक-देझिरे लाव्हाल मूळचे नॉर्मंडीचे, पेशाने डॉक्टर. ते १८४१ साली मॉरिशसला आले. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना गोरा समाज आपल्या बाकावर बसू देण्यास तयार नव्हता. फादर लाव्हाल त्यांची क्रिओल भाषा शिकले, त्याच भाषेत सोपी धर्मशिकवण तयार केली आणि झोपडी-झोपडीतून फिरले. मळेवाल्यांनी त्यांची टवाळी केली. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते वारले. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. दरवर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री त्यांच्या सँत-क्रुआ येथील कबरीकडे लोक पायी निघतात. ख्रिस्ती जातात, हिंदू जातात, मुसलमानही जातात. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी मॉरिशसला भेट दिली, तो दिवसही ९ सप्टेंबरचाच. सांस्कृतिक देवाणघेवाण हा शब्द आज फार स्वस्त झाला आहे. त्या रात्रीची वाट चालणाऱ्यांना तो ठाऊकही नसेल. ते ती जगतात. इकडे मूळच्या इंग्लंडच्या, १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी मराठी आत्मसात करून 'ख्रिस्तपुराण' रचले, तेही याच वाटेचे वाटसरू.

आता आपल्या लेखनाकडे वळू. मॉरिशसला जाऊन आलेला मराठी लेखक सहसा दोन गोष्टी सांगतो. पहिली, समुद्र किती निळा होता. दुसरी, तेथे मराठी माणसे भेटली, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवितात, कोकणातला जाखडी नाच टिकून आहे. आणि मग ऊर अभिमानाने भरून आला. अभिमान वाटणे चूक नाही. १९९१ साली तेथे जागतिक मराठी परिषद भरली, तेव्हाही अनेकांचे ऊर असेच भरून आले होते. पण या अभिमानाच्या भरात एक प्रश्न विचारायचा राहतो: ही माणसे आपले गाव सोडून गेली का? मुंबई बंदरातून गलबतात चढताना त्यांच्या घरी चूल पेटत होती काय? त्यांनी मराठी टिकविली याचे कौतुक करणारे आपण, त्यांना कोणत्या दारिद्र्याने देशोधडीला लावले हे विचारीत नाही. कारण ते विचारले तर उत्तर आपल्याच दारात येऊन उभे राहते.

मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या डोंगराळ भागातून दसरा-दिवाळीनंतर आजही गावेच्या गावे रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी साखर कारखान्यांच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दोन माणसे मिळून एक हत्यार! मुले पाचटाच्या कोपीत वाढतात, नाहीतर म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर गावी राहतात. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीही जाणे आले. त्या गिरमिटात आणि या उचलीत समुद्राचे अंतर आहे, कायद्याचेही आहे. वेदनेचे अंतर फारसे नाही. फडावरून जाणारा प्रवासी मोटारीच्या काचेतून हिरवागार ऊस पाहतो आणि म्हणतो, मराठवाडा आता किती हिरवा झाला! बेर्नार्दीनचा वाचकही असाच म्हणत असेल.

दुसऱ्यांना बोल लावताना मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सेमिनरीत शिकत होतो. मदतकार्यासाठी आम्हा काही विद्यार्थ्यांना पाठविण्यात आले. माझ्याजवळ मित्राचा कॅमेरा होता. एका ढासळलेल्या माळवदापुढे एक आजी बसली होती. मागे आभाळ सुंदर होते. मी फोटो काढला. तो फोटो आजही माझ्याजवळ आहे. त्या आजीचे नाव माझ्याजवळ नाही, कारण मी ते विचारलेच नाही. प्रवासवर्णनांवर टीका करण्याचा माझा अधिकार असलाच तर या अपराधातून आला आहे.

बायबलमध्ये प्रवासाच्या कथा पुष्कळ आहेत, पण संत लूकच्या शुभवर्तमानातील एमाउसच्या वाटेची कथा मला प्रत्येक प्रवासलेखकाने वाचावी असे वाटते. दोन शिष्य चालले आहेत. एक अनोळखी वाटसरू त्यांना गाठतो. तो प्रथम काही सांगत नाही. तुम्ही काय बोलत चालला आहात, असे विचारतो. मैलोगणती सोबत चालूनही शिष्य त्याला ओळखत नाहीत. डोळे उघडतात ते घरी, मेजावर, भाकरी मोडताना. पाहण्याने ओळख होत नाही. सोबत चालण्याने, विचारण्याने आणि एका ताटात जेवण्याने होते. 'पॉल आणि व्हर्जिनी'तील मुलांनी त्या स्त्रीला जेवू घातले, हे खरे. पण तिला काय हवे आहे हे विचारले नाही. 'लाल पसीना'ने विचारले, पण आपल्याच माणसांना. फादर लाव्हालांनी भाषा शिकून विचारले, म्हणून त्यांच्या कबरीकडे सगळे जातात.

अशा देवाणघेवाणीसाठी समुद्र ओलांडावाच लागतो असे नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात पंजाबहून येणारे यात्रेकरू आपल्या शेजारून जातात. देगलूरला मराठी आणि तेलुगू, उदगीरला मराठी आणि कन्नड एकाच बाजारात बोलल्या जातात. यांच्यावर आपल्या धर्मग्रामांतील कोणी लेखणी उचलली आहे काय? सहस्रकुंडाच्या धबधब्यावर सहल काढून आलेल्या आपल्या तरुणांनी त्या परिसरात राहणाऱ्यांविषयी चार ओळी लिहिल्या आहेत काय? लिहावयाच्या असतील तर निसर्ग अवश्य लिहावा, पाण्याचा रंगही लिहावा. पण रमाबाईंचा क्रम ध्यानात ठेवावा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. आणि फोटो काढण्यापूर्वी नाव विचारावे.