भिंतीवरचा लिंकन

सातवीत घटक चाचणीत गणितात नापास झाले म्हणून मला मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभं केलं होतं. नवी मुंबईतलीच शाळा, नाव राहू दे. समोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये 'लिंकनचं हेडमास्तरांना पत्र' लावलेलं. फसवून यश मिळवण्यापेक्षा नापास होणं बरं, असं त्यात लिहिलं होतं. ते वाचत मी शिक्षा भोगत होते. आता बालकवितेतल्या ऐतिहासिक व्यक्तींवर पीएच.डी. करताना ती फ्रेम पुन्हा समोर आलीय.

आधी वाईट बातमी. हे पत्र लिंकनने लिहिल्याचा पुरावा नाही. रॉय बास्लर यांनी संपादित केलेलं त्याचं समग्र लेखन १९५३ साली आठ खंडांत आलं, त्यात ते नाही. पण मराठीत ते रुजलं वसंत बापटांच्या अनुवादामुळे, आणि तो अनुवाद खरंच देखणा आहे. इंग्रजी मजकुरातला कष्टाचा डॉलर बापटांकडे 'छदाम' होतो, आणि फुकट सापडलेल्या पाच डॉलरचं 'घबाड'. दोन शब्दांत अमेरिका पुसली जाते आणि साने गुरुजींच्या वळणाचा एक बाप बोलायला लागतो. बापट सेवा दलातले, त्यामुळे यात नवल नाही. सभेत, स्नेहसंमेलनात ते इतकं छान म्हणता येतं ते या घरच्या शब्दांमुळेच.

मग माझी तक्रार काय? पत्र खोटं आहे ही नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाची गोष्टही वीम्स नावाच्या चरित्रकाराने १८०६ च्या आवृत्तीत घातलेली, तरी पोरं ती ऐकतातच. माझी तक्रार अशी की या कवितेत मूल कुठेच नाही. बाप गुरुजींशी बोलतो आणि मुलगा म्हणजे 'तो'. त्याला हे शिकवा, ते शिकवा. दोन मोठी माणसं आपल्या डोक्यावरून बोलतायत आणि आपण खाली उभे! मुलगी तर 'तो' मध्येही नाही.

याच्या शेजारी रोझमेरी आणि स्टीफन व्हिन्सेंट बेने या जोडप्याचं 'अ बुक ऑफ अमेरिकन्स' (१९३३) ठेवून बघा. त्यात लिंकनच्या आईवर, नॅन्सी हँक्सवर एक कविता आहे. लिंकन नऊ वर्षांचा असताना १८१८ मध्ये ती गेली. कवितेत तिचं भूत परत येऊन विचारतं, माझ्या पोराचं पुढे काय झालं? उत्तर वाचणाऱ्या मुलाला माहीत आहे, विचारणाऱ्या आईला नाही. उपदेशाचा एक शब्द न येताही ते मूल कवितेत ओढलं जातं. बापटांच्या भाषेचं वजन मला जास्त वाटतं, पण मुलांची कविता म्हणून मी बेने यांचीच निवडेन.

आणखी एक खटकतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. म्हणजे अमेरिकेकडे बघण्याची एक वाट आपल्याकडे आधीच होती. शाळेच्या भिंतीवर पोचलेल्या लिंकनमध्ये मात्र ना गुलाम आहेत, ना यादवी युद्ध.

खरा लिंकन स्वतः सगळं मिळून वर्षभरही शाळेत गेला नव्हता. त्याचा थोरला मुलगा रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत नापास झाला, वर्षभर एक्झीटरच्या शाळेत तयारी करून मग आत गेला. १८६० मध्ये त्याचा मित्र जॉर्ज लॅथम नापास झाला. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार असलेल्या लिंकनने २२ जुलैला त्याला पत्र लिहिलं. हे पत्र मात्र अस्सल आहे, समग्र लेखनात छापलेलं. फार वाईट वाटलं, पण तू खचला नाहीस तर यात विशेष काही बिघडलेलं नाही, असा त्याचा सूर. पुढचा सल्ला एकदम व्यवहारी: संस्थेचे प्रमुख भले गृहस्थ असणार, त्यांना तू स्वतः जाऊन भेट, अडचण कशी दूर करायची ते सांगतील.

सध्या मी हे पत्र मराठीत करतेय. मुक्तछंदात बसवून पाहिलं, जमलं नाही. साध्या गद्यातच ठेवलंय, आणि जॉर्जला 'तू'च म्हटलंय.