समीक्षालेखनाचे शिक्षण आणि लग्नचौकाचे उदाहरण

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात समीक्षा शिकविली जाते ती बहुधा सिद्धान्ताकडून कृतीकडे. आधी रस, ध्वनी, लय, रूपबंध. मग त्यांची उदाहरणे. परीक्षण लिहिताना विद्यार्थी हाच क्रम पाळतो, आणि कलाकृती त्याच्या लेखनात शेवटी, पुष्कळदा केवळ पुराव्यापुरती येते. शहापूर-मुरबाडकडील विद्यार्थ्याची अडचण दुहेरी असते. ज्या नाटकांची व चित्रप्रदर्शनांची परीक्षणे नमुना म्हणून त्याच्यापुढे ठेवली जातात, ती मुंबई-पुण्याची. त्याने न पाहिलेली. त्याने जे पाहिलेले असते, म्हशाच्या जत्रेतील खेळ किंवा वारली घरातील लग्नचौक, ते 'लोकसाहित्य' या वेगळ्या प्रश्नपत्रिकेत जाऊन बसते. तेथे त्याची नोंद होते, मूल्यमापन होत नाही.

लग्नचौकाचेच पाहावे. सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी तो परंपरेने सवाशिणी काढतात. कडेला त्रिकोणांच्या नि नागमोडी रेषांच्या पट्ट्या, आत पालघट देवी, भोवती झाडे, माणसे. मर्ढेकरांचे लयतत्त्व नुकतेच वाचलेला विद्यार्थी येथे संवाद, विरोध आणि समतोल सहज दाखवून देईल. त्याचे म्हणणे खोटेही ठरणार नाही. कडांची दाट भरणी आणि मधला मोकळा अवकाश यांतील विरोध नजरेला खरोखरच जाणवतो. मात्र धवलेरीचे गाणे, लग्नाचा दिवस, देवीचे तेथे असणे, हे सारे त्या वर्णनातून गळून पडते. दुसरा विद्यार्थी नेमका उलट वागतो. तो विधी साद्यंत सांगतो, पण दोन चौकांतला कोणता अधिक चांगला उतरला आहे, हे विचारतच नाही. जणू सामूहिक कलेत डावे-उजवे नसते! कोणाचा हात सफाईदार आणि कोणाचा ओबडधोबड, हे काढणाऱ्या बायकांना कळत नाही असे मानण्यास काहीच आधार नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद व अलौकिकतावाद यांचा जो ताण उलगडला, तो येथे प्रत्यक्ष भिंतीवर आहे. ग्रंथातून तो पाठ करण्याऐवजी विद्यार्थ्याला तो भिंतीपासून सुरू करता येईल.

त्यासाठी पहिला परिच्छेद एकही पारिभाषिक संज्ञा न वापरता लिहावयास लावणे हा उपाय साधा वाटतो, परंतु तो कठीण आहे. काय दिसले, कोठून दिसले, त्या वेळी काय ऐकू येत होते, हे लिहिताना उसनी वाक्ये उपयोगी पडत नाहीत. संज्ञा आली तर ती नंतर यावी, आणि आपण का आलो याचा जाब तिला देता यावा.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकानंतर डहाणूकडील जिव्या सोमा मशे यांच्यामुळे हीच रेषा पुरुषाच्या हातून, विधीवाचून, कागद-कापडावर आली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साडीवर आणि ट्रेवर छापल्या जाणाऱ्या आकृत्या हा तिसराच प्रकार. तिन्हींना एकच 'वारली कला' म्हणणारे परीक्षण तिन्हींवर अन्याय करते. मशे यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत बारीक रेषांची वीण पृष्ठभागभर पसरते. मर्ढेकरांची लय चौकापेक्षा येथे अधिक सुखाने नांदते, कारण हे चित्र एकटेच पाहिले जावे अशी त्याची अपेक्षा आहे. मात्र मध्यभागी आता देवी नाही, याची दखल घेतल्यावाचून विद्यार्थ्याने जाळ्याची कितीही तारीफ केली, तरी ते परीक्षण अपुरेच राहील.