पडणाऱ्या बूस्टरची फीत

नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राने स्पेस शटलच्या उड्डाणांवर ‘असेंट’ हा माहितीपट केला. त्याच्या विशेष आवृत्तीसाठी तयार झालेली आठेक मिनिटांची फीत मात्र वेगळी काढून पाहावी अशी आहे. तिला निवेदक नाही, पार्श्वसंगीत नाही. घन इंधनाच्या बूस्टरवर बसवलेले कॅमेरे जे पाहतात, तेच आपण पाहतो.

एरवी उड्डाणाच्या प्रक्षेपणात दोन मिनिटांनी बूस्टर सुटले की त्यांची गोष्ट संपते. नजर यानामागे जाते. येथे सुमारे 45 किलोमीटर उंचीवर यान निघून जाते आणि आपण टाकून दिलेल्या वस्तूबरोबर उरतो. ते 45 मीटर लांबीचे रिकामे नळकांडे अंगच्या वेगाने आणखी वीसेक किलोमीटर चढते, मग गरगरत खाली येते. क्षितिज उलटते, सूर्य चौकटीत शिरतो आणि जातो, काळे आकाश नि निळा समुद्र आलटून पालटून दिसतात. कॅमेरा कोणी फिरवत नाही, पडणेच त्याला फिरवते. पुढे पॅराशूट उघडतात आणि अटलांटिकचे पाणी येते.

आणि आवाज! इतक्या विरळ हवेत बाहेरचे फारसे काही ऐकू यायला नको. ऐकू येते ते धातूतून मायक्रोफोनपर्यंत पोचलेले कण्हणे, करकरणे. स्कायवॉकर साउंड या हॉलिवूडच्या ध्वनिसंस्थेने ते उठावदार केले. आवाज मूळ मायक्रोफोनचेच, असे नासा सांगते. ते मान्य. पण किती उचलले, काय दाबले, हे फितीवरून कळायला मार्ग नाही. पोथीची संशोधित आवृत्ती काढणारा पाठभेद तळटीपेत देतो. (निदान द्यावेत, अशी अपेक्षा असते.) येथे तळटीपच नाही, आणि हे कण्हणे ऐकून आपण हेलावतो.

हा आग्रह कोणाला किरकिरा वाटेल. पण हे कॅमेरे मुळात साक्षीसाठी आहेत. 16 जानेवारी 2003 रोजी कोलंबियाच्या उड्डाणानंतर 82व्या सेकंदाला टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. जमिनीवरच्या ज्या कॅमेऱ्याचा कोन सर्वांत उपयोगी ठरला असता, त्याचा फोकसच नीट नव्हता. 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटले. कल्पना चावलांसह सातजण गेले. त्यानंतर टाकीवर, बूस्टरवर कॅमेऱ्यांची नजर वाढली. 26 जुलै 2005च्या उड्डाणात टाकीवरच्या कॅमेऱ्याने फोमचा मोठा तुकडा सुटताना दाखवला. तो यानाला लागला नाही, तरी पुढचे उड्डाण जुलै 2006पर्यंत थांबले.

यातले काहीच ही फीत सांगत नाही. तिची पहिली दोन मिनिटे, नारिंगी टाकी आणि यानाचे पोट एवढेच समोर असलेली, रसिकाला रेंगाळलेली वाटतील. पडण्याची वाट पाहत तो ती कशीबशी काढील. अभियंत्यांना हवी होती ती नेमकी हीच दोन मिनिटे.