प्रलयानंतरचें जग आणि अरण्याची साक्ष

कल्पित कथेनें विज्ञानाचे नियम किती मोडावेत, हा वाद रसिकांत जुनाच आहे. २०२३ सालीं सुरू झालेल्या 'द लास्ट ऑफ अस' या अमेरिकन दूरचित्रमालिकेच्या निमित्तानें त्याचा पुन्हां विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मुंगीच्या देहांत शिरून तिला पानाच्या शिरेस चावा घ्यावयास लावणारी व अखेर तिच्या डोक्यांतून अंकुर काढणारी बुरशी निसर्गांत खरोखरच आहे. पृथ्वी तापली, त्या बुरशीस माणसाच्या देहाची ३७ अंशांची ऊब सोसूं लागली आणि मानवी संस्कृति कोसळली, हें या मालिकेचें गृहीत. शास्त्रज्ञ म्हणतील कीं अशी बुरशी विशिष्ट जातीच्या मुंग्यांपुरतीच घडलेली असते. २०१७ मधील संशोधनांत तर ती मेंदूंत न शिरतां स्नायूंस वेढते असें आढळलें. आक्षेप खरा आहे. पण तेवढ्यानें कथा बाद होत नाहीं. एक अशक्य गोष्ट मागून घेण्याचा कथाकारास अधिकार आहे. त्यापुढचें सारें मात्र नियमानें चाललें पाहिजे. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर यांच्या कथांनीं मराठी वाचकास हीच शिस्त लाविली.

ही कसोटी लावण्यास चंद्रपूर-गडचिरोलीकडील प्रेक्षकास ग्रंथांची गरज नाहीं. माणूस निघून गेला म्हणजे अरण्य काय करतें, हें तो डोळ्यांनीं पाहतो. वाळवी तुळयांस लागते, कौलें ढांसळतात, अंगणांत रान माजतें. ताडोब्यांतून नवेगाव व जामणी हीं गांवें हलविलीं, तेथें आज कुरणें असून चितळांचे कळप चरतात. अशा प्रेक्षकानें 'द वॉकिंग डेड' (२०१०–२०२२) पाहावी. जग बुडून कैक महिने लोटले तरी तींत कापलेली हिरवळ दिसते! प्रेतें चालतात हें आम्ही निमूटपणें मान्य केलें होतें; पण ही हिरवळ कापली कोणीं?

उलट 'द लास्ट ऑफ अस'मधील नायक सांगतो कीं जुनें पेट्रोल नासून पाण्यासारखें झालें आहे, म्हणून तें वारंवार भरावें लागतें. एवढ्या साध्या वाक्यानें ती अघटित बुरशीहि खरी वाटूं लागते. दोष येथेंहि आहे. बुरशीचे तंतू जमिनींतून पसरतात हें खरें. परंतु त्यांनीं मैलभर दूरच्या रोग्यांस तत्काळ जागें करावें, ही दुसरी अशक्य गोष्ट झाली, आणि तिची परवानगी आम्हीं दिली नव्हती.

'कल्पनाच तर आहे!' असें म्हणून हा प्रश्न उडवून लावणें आम्हांस मान्य नाहीं. ज्या जगांत अन्न, इंधन, ऊन, पाऊस यांचा हिशेब नाहीं, तेथील मरणाचें दुःखहि खोटें ठरतें, आणि प्रलयाची कथा मुलांस केवळ गोळीबार शिकविते. गडचिरोलींतील सिरोंचा तालुक्यांत डायनोसॉरांचे व त्या प्राचीन काळच्या वृक्षांचे अवशेष मिळाले आहेत. तें जग खरोखरच संपलें. तरी दगड झालेल्या लाकडांत लाकडाची घडण अद्याप ओळखूं येते. प्रलयाची कथा लिहिणारानें तेवढी घडण तरी राखावी.