अनिवासी मालकाची मर्यादित दायित्व कंपनी : स्थापनेची सुलभता व निर्वाहाचे दायित्व

प्रास्ताविक

सहकारी संस्थेच्या फलकावर नावाअखेर येणारा ‘मर्यादित’ हा शब्द महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरती सीमित आहे, अशी सूचना तो शब्द व्यवहार करणाऱ्यास देतो. हेच तत्त्व अमेरिकेत ‘लिमिटेड लायबिलिटी कंपनी’, म्हणजेच ‘एलएलसी’ या रूपाने एकट्या व्यक्तीलाही उपलब्ध आहे. तिचा मालक अमेरिकेचा नागरिक वा निवासी असावा अशी अट नाही. पुण्यात वा नाशकात बसून परदेशी ग्राहकांना संगणकीय सेवा देणाऱ्या तरुण व्यावसायिकास या रूपाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, या रूपाची जी प्रशंसा होते ती प्रामुख्याने स्थापनेच्या सुलभतेवर आधारलेली असते. कर्जाची जबाबदारी मर्यादित करणारे हे रूप अनिवासी मालकावर माहिती देण्याची जबाबदारी मात्र वाढवीत जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रूपाचा उगम

एलएलसीचा पहिला कायदा वायोमिंग राज्याने १९७७ मध्ये केला. त्यामागे एका तेल कंपनीचा पुढाकार होता. भागीदारीप्रमाणे कर एकाच पातळीवर लागावा आणि जबाबदारी मात्र कंपनीप्रमाणे मर्यादित राहावी, असा दुहेरी हेतू होता. अमेरिकेच्या महसूल खात्याने १९८८ मध्ये वायोमिंगच्या एलएलसीला करासाठी भागीदारी मानले आणि त्यानंतर अन्य राज्यांनी असे कायदे झपाट्याने स्वीकारले. डेलावेअरचा कायदा १९९२ चा आहे. १ जानेवारी १९९७ पासून वर्गवारी निवडण्याची मुभा मिळाली. निवड न केल्यास एकाच मालकाची एलएलसी प्राप्तिकरासाठी मालकाहून वेगळी मानली जात नाही. सारांश, हे रूप करविचारातून जन्मले आहे आणि त्याचे गुणदोषही तेथेच शोधावे लागतात.

स्थापना : सुलभतेचे स्वरूप

स्थापनेसाठी राज्यात पत्ता असलेला नोंदणीकृत प्रतिनिधी, एक संक्षिप्त नोंदणीपत्र व शुल्क एवढे पुरते. किमान भांडवलाची अट नाही. भारतीय कंपनी कायदा, २०१३ प्रत्येक कंपनीत किमान एक संचालक वर्षाला १८२ दिवस भारतात वास्तव्य केलेला असावा, असे सांगतो. एकल व्यक्ती कंपनी तर १ एप्रिल २०२१ पर्यंत अनिवासी भारतीय नागरिकांना स्थापनच करता येत नव्हती. या तुलनेत अमेरिकी राज्यांचे औदार्य उठून दिसते.

परंतु या औदार्याला मर्यादा आहेत. राज्य प्रमाणपत्र देते. करओळख क्रमांक संघराज्याचे महसूल खाते देते आणि खाते उघडायचे की नाही हे बँक ठरविते. सामाजिक सुरक्षा क्रमांक नसलेल्या परदेशस्थ मालकास ओळख क्रमांकासाठी ऑनलाइन सोय मिळत नाही. त्याला एसएस-४ हा अर्ज फॅक्स वा टपालाने पाठवावा लागतो किंवा दूरध्वनीवरून माहिती द्यावी लागते. कंपनी अस्तित्वात आली म्हणजे ती व्यवहारक्षम झाली, असे नव्हे.

निर्वाह : अल्प शुल्क, मोठा दंड

वायोमिंगमध्ये वार्षिक अहवालाचे किमान शुल्क ६० डॉलर आहे. डेलावेअरमध्ये वार्षिक कर ३०० डॉलर असून तो १ जूनपर्यंत भरावयाचा असतो. एवढ्यावरून खर्चाचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. २०१७ पासून सुरू होणाऱ्या करवर्षांसाठी परदेशी व्यक्तीच्या एकल मालकीच्या एलएलसीने मालकाशी झालेले व्यवहार फॉर्म ५४७२ मध्ये नोंदवून तो नाममात्र भरलेल्या फॉर्म ११२० सोबत सादर करावयाचा असतो. मालकाने घातलेले भांडवल व काढून घेतलेली रक्कम हेही असे व्यवहारच होत. ही माहिती न दिल्यास होणारा दंड प्रारंभी १०,००० डॉलर होता. २०१७ च्या करसुधारणा कायद्याने तो २५,००० डॉलर झाला.

येथे एक विसंगती लक्षात येते. सेवा प्रत्यक्ष भारतात बसून दिली असेल, तर त्या सेवेचे उत्पन्न सामान्यतः अमेरिकेबाहेरचे ठरते. अशा मालकास तेथे कर शून्य असू शकतो. परंतु कर नाही म्हणून विवरणही नाही, हे अनुमान चुकीचे आहे. जी एलएलसी प्राप्तिकरासाठी वेगळी मानली जात नाही, तीच माहिती देण्यासाठी वेगळी कंपनी मानली जाते. माहिती मागण्याचा शासनाचा अधिकार निर्विवाद आहे. मात्र लहान व्यवसायाच्या उलाढालीशी दंडाचे काहीच प्रमाण नसणे हा या व्यवस्थेतील गंभीर दोष होय.

‘अनिवासी’ या शब्दाची सापेक्षता

मराठीत ‘अनिवासी’ म्हटले की परदेशस्थ भारतीय डोळ्यांसमोर येतो. येथे अर्थ उलटतो. वायोमिंगच्या दृष्टीने अनिवासी असलेला पुण्याचा मालक भारताच्या दृष्टीने निवासीच असतो. परिणामी त्याचे जागतिक उत्पन्न येथे करपात्र ठरते. परदेशी गुंतवणुकीस २०२२ चे नियम लागू होतात. उदारीकृत प्रेषण योजनेची वार्षिक मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. नियंत्रण असलेल्या परदेशी संस्थेचा वार्षिक कामगिरी अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो. प्राप्तिकर विवरणात परदेशी मालमत्ता न दाखविल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड संभवतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या, स्थावर वगळता अन्य मालमत्तेस त्यातून सूट आहे.

दोन देश एकाच संस्थेकडे भिन्न दृष्टीने पाहू शकतात, याचे उदाहरण ब्रिटनमधील अॅन्सन खटल्यात मिळते. डेलावेअरच्या एलएलसीचा नफा सदस्याचा की कंपनीचा, हा त्यात प्रश्न होता. अमेरिकेत भरलेल्या कराची सवलत मिळविण्यासाठी सदस्यास २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तो जिंकला, पण असा न्याय मिळविण्याचे सामर्थ्य किती छोट्या व्यावसायिकांकडे असते?

गोपनीयतेचा प्रश्न

वायोमिंग व डेलावेअर ही राज्ये मालकांची नावे सार्वजनिक नोंदीत मागत नाहीत. विल्मिंग्टन शहरातील एकाच इमारतीच्या पत्त्यावर अडीच लाखांहून अधिक कंपन्या नोंदल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. खऱ्या मालकाची माहिती घेणारा कायदा २०२१ मध्ये झाला व १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. परंतु मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपन्यांना त्यातून वगळण्यात आले. मालक परदेशी असला तरी ही सूट लागू पडते. एकीकडे मालकी उघड करण्याच्या कर्तव्यातून सूट आणि दुसरीकडे एका फॉर्मच्या चुकीस जबर दंड, हे धोरण सुसंगत म्हणता येत नाही. लपू इच्छिणाऱ्यास ते मोकळीक देते आणि प्रामाणिक पण अनभिज्ञ मालकास शासन करते.

समारोप

एलएलसीचे रूप त्याज्य आहे, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. करारातील लवचीकता व मालमत्तेचे संरक्षण हे तिचे खरे गुण होत. पण ते संरक्षण प्रमाणपत्राने आपोआप लाभत नाही. मालकाचा व कंपनीचा पैसा एकत्र झाल्यास न्यायालय दोघांमधील पडदा दूर सारू शकते. स्वतंत्र बँकखाते, लेखी संचालन करार व नियमित हिशेब हाच त्या ‘मर्यादित’ शब्दाचा आधार आहे. वाणिज्य शाखेत आपण कंपनीची स्थापना सविस्तर शिकवितो आणि तिचा निर्वाह परिशिष्टासारखा उरकतो. विद्यार्थी घरबसल्या परदेशी कंपनीचे मालक होऊ शकतात, अशा काळात हा क्रम बदलणे अगत्याचे आहे. कंपनी जन्मास घालण्यापूर्वी ती दरवर्षी दोन देशांत कशी जगवायची आणि गरज संपल्यावर रीतसर कशी विसर्जित करायची, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.