याज्ञिक-युडकिन छायाचित्र : एक चिकित्सा

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छोटे टिपण २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छायाचित्रासह आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (बीएमआय) २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के.

टिपणाचे बळ उघड आहे. बीएमआय फक्त उंची आणि वजन पाहतो. वजन स्नायूंचे की चरबीचे, हे त्याला कळत नाही. 'मी सडपातळ आहे, मला कोलेस्टेरॉलची काय चिंता' असे वसतिगृहातला मुलगा म्हणतो, तेव्हा त्याचा आधार कच्चा असतो.

मात्र हेच छायाचित्र 'भारतीयांचे शरीर असेच असते' याचा पुरावा म्हणून दाखवणे चूक आहे. नमुना दोनच माणसांचा. शिवाय युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिकांचा व्यायाम जेमतेम. हे लेखकांनीच नोंदवले आहे. फरक वंशाचा, जन्मवजनाचा की धावण्याचा, हे त्यातून वेगळे काढता येत नाही.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत याच्या उलट चूक होते. जिमला जाणारे आणि न जाणारे यांचे रक्त एकदाच तपासायचे आणि फरकाचे सारे श्रेय व्यायामाला द्यायचे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवले, की लंडनच्या बसचालकांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे १९५६ मध्ये गणवेशांची मापे पाहिली, तेव्हा तरुण चालकांच्या विजारीही कंबरेला मोठ्या निघाल्या. म्हणजे दोन गट आधीपासूनच वेगळे असू शकतात.

रक्तातील मेदाबाबत आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. दमदार व्यायामानंतर ट्रायग्लिसराइड एक-दोन दिवस उतरलेले राहते. म्हणून तो आकडा सवयीचा की कालच्या धावण्याचा, हे पाहावे लागते. नियमित व्यायामाने एचडीएल थोडे वाढते, पण एलडीएलवर परिणाम माफकच होतो. म्हणून नुसत्या एकूण कोलेस्टेरॉलवरून निष्कर्ष काढू नये.

स्वाध्याय : लखनौच्या एका वसतिगृहातील, व्यायाम न करणाऱ्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. मेस एकच, एका गटाला बारा आठवडे धावण्याचा सराव. रक्त आधी आणि नंतर, शेवटच्या सरावानंतर तीन दिवसांनी. वरील आक्षेपांपैकी कोणते आता उरत नाहीत?