हात दाखवून अवलक्षण

आमच्या पेणच्या सासुरवाडीत जी वस्तू नवी म्हणून येते, ती दुसरीकडे कुठेतरी जुनी होऊन आलेली असते. त्यात जावईही आले. आम्हीही रोह्यात बऱ्यापैकी वापरून झाल्यावरच पेणला पसंत पडलो. तेव्हा यंदा मे महिन्यात न्यूजर्सीचा मेव्हणा सहकुटुंब आला आणि त्याच्या चिरंजीवांनी तळघरात पडलेलं खेळाचं यंत्र बॅगेतून काढलं, तेव्हा मला त्या यंत्राबद्दल एकदम बंधुभाव वाटला.

दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी. रोह्याहून दिव्याच्या गाडीत बसून मी पेणला पोचलो, तो घरात हे. यंत्राचं नाव 'वी'.

"नवीतला न गळला वाटतं," अण्णा म्हणाले. अण्णा म्हणजे आमचे सासरे.

खोटं नव्हतं. निन्टेन्डो कंपनीने हे यंत्र २००६ साली आणलं, दहा कोटींच्या वर खपवलं आणि नंतर बंदही केलं. कंपनी मूळची क्योटोची, १८८९ साली पत्ते बनवायला निघालेली. म्हणजे तशी आमच्याच बिरादरीतली. रोह्याच्या कुठल्याही ओटीवर तिला आदराने बसवून घेतलं असतं. या यंत्राची कीर्ती अशी, की बटणं बडवत बसायचं नाही. हातात एक पांढरी कांडी धरायची आणि ती फिरवायची. हात हलला की पडद्यावरचा माणूस हलतो.

आधी ते ११० व्होल्टचं निघालं. बाजारातून ट्रान्सफॉर्मर आला. मग कळलं की टीव्हीसमोर ठेवायची एक पट्टी न्यूजर्सीलाच राहिली. पट्टी म्हणजे काय, तर तिच्या दोन टोकांना डोळ्याला न दिसणारा उजेड असतो आणि कांडीच्या तोंडाशी बसवलेला कॅमेरा त्या दोन ठिपक्यांवरून आपला रोख कुठे आहे ते ओळखतो. चिरंजीव म्हणाले, "दोन मेणबत्त्या लावल्या तरी चालतं." सासूबाईंनी मेणबत्त्या शोधल्या, सापडल्या त्या वाढदिवसाच्या. शेवटी देवघरातल्या दोन समया टीव्हीपुढे आल्या. चाललं! जपानी यंत्र एरंडेलावर चालताना मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. फक्त ते सगळं आरतीसारखं दिसत होतं. शेजारच्या काकू दारात आल्या, त्यांनी टीव्हीकडे बघून हात जोडले आणि गेल्या.

आता अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णांनी चाळीस वर्षं गणपतींची आखणी केली. ज्यांना पेण म्हणजे वडखळच्या अलीकडचा एस.टी.चा थांबा एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगतो : आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. मूर्ती कुणीही साच्यातून काढील, अंगाचा रंग पोरंसोरं देतील. पण डोळ्यांची रेघ मारायला कारखान्यात एकच माणूस बसतो आणि तो बसला की रेडिओ बंद. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात पुष्कळ सुधारला, पण बारीक कामाला घेतला की कापतो. बँकेत सही जुळेना. अंगठा द्या म्हणाले, तेव्हा अण्णा पैसे न काढताच घरी आले. त्या जागी मी असतो तर मीही अंगठाच मागितला असता, हे मी सासुरवाडीत अद्याप बोललेलो नाही.

हाताचे व्यायाम अण्णा करीत नाहीत. चेंडू दाबायला दिला तर तो नातवंडांना देऊन टाकतात. अमेरिकेत दवाखान्यांतून हीच कांडी पेशंटांच्या हाती देतात असं मेव्हण्याने सांगितलं. बरोबरच होतं त्याचं. म्हणून सगळ्यांनी अण्णांना खुर्चीवर बसवलं आणि टेनिस लावलं.

या टेनिसमध्ये पडद्यावरचा गडी चेंडूकडे आपला आपण धावत जातो. आपण फक्त वेळेवर मनगट झटकायचं. मेव्हणा अंगणभर उड्या मारल्यासारखा खेळला, आणि चिरंजीव सोफ्यावर आडवे पडून माशी हाकलल्यासारखे खेळले. जिंकले चिरंजीव. यंत्राला घाम दिसत नाही, झटका दिसतो. कांडीच्या पोटात वेग किती वाढला-घटला एवढं मोजणारं एक उपकरण आहे. ते खांद्यापासून फिरलेला हात आणि नुसतं मनगट यांत फार भेद करीत नाही. व्हाउचरावर सही आहे ना, मग आत काय लिहिलंय कोण बघतो, असाच हिशेब.

अण्णांनी कांडी धरली. हात कापला. गड्याने चेंडू मारला. पुन्हा कापला, पुन्हा मारला. गुण मिळाला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी कांडी शांतपणे टीपॉयवर ठेवली.

"मी मारला नाही," ते म्हणाले. "हात कापला माझा. त्याचे गुण देतं होय हे? लबाड आहे."

मी रविवारच्या पुरवण्यांतून पुष्कळ समीक्षा वाचली आहे. इतकी नेमकी क्वचित वाचली.

दुपारी जेवून पडल्या पडल्या मी विचार केला, की मग या यंत्राला शोभेल असा आपल्याकडचा खेळ कुठला? कबड्डी नव्हे. रायगड जिल्ह्यात राहून हे लिहिणं धोक्याचं आहे, पण कबड्डीत समोरच्याने पाय धरावा लागतो, आणि पाय धरणारं यंत्र अजून निघालेलं नाही. प्लेस्टेशनवर २००९ साली 'देसी अड्डा' नावाचा आपल्या खेळांचा एक संच आला होता, त्यात कबड्डी होती. पण अंगठ्याने खेळायची. अंगठ्याने कबड्डी म्हणजे चमच्याने पोहणं. फुगडीही नव्हे; दुसऱ्याच्या हाताचा ओढा नसेल तर तिला फुगडी न म्हणता भोवळ म्हणतात. मला विचाराल तर सूप. कांडी नुसती धरली तरी ती किती कलली आहे ते तिला कळतं. मग पाखडण्यासारखा खेळ नाही! किती उडवलं, किती तिरकं झेललं, तांदूळ किती राहिले, कोंडा किती गेला. मनगटाची लबाडी केलीत की तांदूळ जमिनीवर. सासूबाई जगज्जेत्या झाल्या असत्या. आणि चुकून कंपनीने कारकुनांसाठी एखादा काढलाच, तर शिक्का मारायचा काढावा. शाई पुसट उठली तर गुण कापावेत. कंपनीलाही आपली लबाडी ठाऊक असावी, कारण २००९ साली कांडीला मागून लावायचा एक तुकडा निघाला, तो हाताचं वळणं नीट टिपतो. तोही न्यूजर्सीलाच राहिला होता.

चारच्या सुमारास बाहेर आलो तर अण्णा एकटेच टीव्हीपुढे. चिरंजीवांनी त्यांना आपला पुतळा बनवायला शिकवलं होतं. तिथे डोळे तयार मिळतात, यादीतून निवडायचे. अण्णांनी ती यादी पाहिली, आणि पेणमधल्या एकाही कारखान्यात आपण हे डोळे पास केले नसते असं सांगून टाकलं. पण त्यांना दुसरंच काही सापडलं होतं. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक छोटा हात दिसतो. आपण कांडीचा रोख जिथे धरू तिथे तो जातो. आपण थांबलो की थांबतो, कापलो की कापतो. अण्णा तो हात पुतळ्याच्या डाव्या डोळ्यावर धरून बसले होते. खेळ नाही, गुण नाहीत, टाळ्या नाहीत.

पडद्यावरचा हात थरथरत होता.

"अण्णा, दमाल," मी म्हणालो.

"जावईबापू, पंखा बंद करा."

"उकडेल हो."

"ज्योत हलतेय समईची. तिचं कापणं माझ्या नावावर पडतंय. बंद करा."

पेणचा मे महिना. पंखा बंद केला. मेव्हणा उठून आला आणि घाम पुशीत उभा राहिला. ज्योती सरळ झाल्या. पडद्यावरचा हात पुष्कळसा स्थिर झाला, पुरता नव्हे.

"हं," अण्णा म्हणाले. "आता राहिलं ते माझं."

आणि त्यांनी रेडिओ बंद करायला सांगितला. रेडिओ लागलेलाच नव्हता. दिवेलागणीला सासूबाई समया न्यायला आल्या, तर म्हणाले, आणखी दहा मिनिटं.